चिखलाची चाकं, बर्फाची वाट

ऑकलंडमधल्या हेन्डरसनच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या गाड्या गॅरेजमध्ये असत. कोंड्यांची तेवढी बारा महिने बाहेर भिजत उभी असे, कारण कोंड्यांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं होतं. भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, वेल्डिंगचं मशीन, तीन मोडकी लॉनमोअर, आणि भोसरीची टूलरूम सोडताना सोबत्यांनी दिलेला, लोखंड घट्ट पकडून ठेवायचा एक जड व्हाइस. तो व्हाइस गुरुनाथांनी विमानातून आणला होता. सामानाचं वजन जास्त होतंय म्हटल्यावर शकुताईंचा पोळपाट, दोन पितळी डबे आणि लग्नातलं घंगाळ पुण्यालाच राहिलं. त्याला बारा वर्षं झाली, तरी शकुताई त्या व्हाइसला अजून ‘माझी सवत’ म्हणत.

गुरुनाथ कोंडे मूळचे भोरकडचे, भाताच्या मुलखातले. वडिलांचा पॉवर टिलर होता. आषाढात तो गावोगाव चिखलणीला जाई आणि दहा वर्षांचे गुरुनाथ त्याच्यामागे अनवाणी. भाताच्या खाचरात रबरी टायर चालत नाहीत, जागच्या जागी गरगरतात. तिथे लोखंडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी चाकं लावतात. ती चिखल कापत खाली जातात, तळाची कठीण जमीन धरतात आणि यंत्राला पुढे ओढतात. चौदाव्या वर्षी गुरुनाथांनी त्या पट्ट्यांचा कोन थोडा बदलून दिला, तर तेच खाचर पाऊण वेळात उरकू लागलं. वडील कौतुक करणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, “पोराला हात आहे.” त्या तीन शब्दांच्या शिदोरीवर गुरुनाथांनी आयटीआय केलं, भोसरीत वीस वर्षं काढली आणि २००३ साली बायको व बारा वर्षांची मुलगी घेऊन ऑकलंड गाठलं.

इथे आधी न्यू लिनला दोन खोल्या, मग हेन्डरसनला घर. नोकरी एका दुरुस्तीच्या दुकानात. तिथे लॉनमोअर येत, पंप येत आणि शेतकऱ्यांच्या क्वाड येत. क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल धरून चालवायची गाडी. इथल्या शेतात ती घरटी एक असतेच. गुरुनाथांचा कान असा, की गल्लीत कुणी गवत कापायला घेतलं तर चहाचा कप न ठेवता ते म्हणत, “कार्ब्युरेटर. उद्या बंद पडणार.” आणि दुसऱ्या दिवशी शेजारी मोअर ढकलत दारात येई. त्याला ते इथल्या लोकांसारखंच “नो वरीज, स्वीट ऐज,” म्हणत आणि मोजे घातलेल्या पायात जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, सरकवून गॅरेजकडे निघत.

त्यांची एक रीत होती. एका लाकडी पेटीत पोलादी अक्षरांचे ठसे होते. काम पुरतं पसंत पडलं, की ते कुठेतरी आडबाजूला आपली G K ही अक्षरं ठोकत. पसंत पडलं नाही तर नाही. दुकानातून परत गेलेल्या कितीतरी यंत्रांवर ठसा नव्हता. ती व्यवस्थित चालत होती, पण गुरुनाथांच्या मनाला येत नव्हती. “ज्याचं काम त्याचा ठसा,” ते म्हणत, “आणि खोट्या कामाला ठसा नाही.”

एवढ्या नेमक्या माणसाची एकच गोष्ट मापात बसली नव्हती. ती म्हणजे इरा.

इराला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती साउथ आयलंडला, मॅनिओटोटो नावाच्या उंच माळावरच्या एका मोठ्या मेंढीफार्मवर कामाला म्हणून गेली आणि तिथेच राहिली. २०१३ पासून ती तिथे शेफर्ड होती. गुरुनाथांनी फोनवर एकदाच विचारलं होतं, “मेंढ्या वळायला बारा हजार किलोमीटर आणली का तुला?” आणि इराने तितकंच शांतपणे उत्तर दिलं होतं, “बाबा, तुम्ही लॉनमोअर नीट करायला आलात, तेव्हा आजोबांनी विचारलं होतं का?” त्यानंतर बापलेकीचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘थंडी आहे का’ यापुढे गेलं नाही.

पापाटोएटोच्या भारतीय दुकानात एकदा मंडळातले हरीश भेटले. त्यांनी भेंड्या निवडता निवडता विचारलं, “इरा काय करते सध्या?”

“ॲग्रिकल्चरमध्ये आहे,” गुरुनाथ म्हणाले.

“अरे वा. रिसर्च?”

“फील्डवर्क.”

“मेंढ्या राखते,” शकुताई कोथिंबिरीच्या जुडीवरून मान न उचलता म्हणाल्या. “चांगल्या राखते.”

२०१५ च्या मार्चमधला एक रविवार. इराचा फोन आईला येई. गुरुनाथ त्या वेळी सोफ्यावर पेपर धरून बसत आणि एकही पान उलटत नसत. इरा सांगत होती, की फार्मच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर अडीचशे हॉगेट, म्हणजे वर्षाच्या कोवळ्या मेंढ्या, हिवाळाभर ठेवतात. मागच्या वर्षी बर्फाने वाट चार दिवस बंद झाली, वर गवत पोचलं नाही, चाळीस मेल्या. क्वाड बर्फात शंभर मीटरही जात नाही. म्हणून फार्म चालवणाऱ्या बाईंनी, नायरीने, ठरवलं होतं, की यंदा वर गवत न्यायची काही सोय झाली तर ठीक, नाहीतर हॉगेट ट्रकने खाली दुसऱ्याच्या कुरणात पाठवायच्या.

“मग बरंच की,” शकुताई म्हणाल्या.

“आई, हॉगेट गेल्या तर विंटरचं कामच गेलं. मग मला कशाला ठेवतील? लास्ट इन, फर्स्ट आउट. नायरीने सांगितलंय तसं. ती वाईट नाहीये, पण सांगितलंय.”

फोन ठेवून शकुताईंनी पेपराकडे पाहिलं. “घ्या. तुमच्या मनासारखं होतंय. ऑगस्टपर्यंत घरी येईल. फार्मसीचं पुन्हा विचारता येईल.”

गुरुनाथांनी पेपराची घडी घातली. थोडा वेळ खिडकीतून भिजणाऱ्या गाडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “शंभर मीटरही जात नाही म्हणजे काय? चाकं चुकीची आहेत,” आणि गॅरेजमध्ये गेले.

दुकानात कुमेऊच्या एका शेतकऱ्याने टाकून दिलेली जुनी क्वाड धूळ खात पडली होती. मालक म्हणाला, घेऊन जा, तेवढीच जागा होईल. ईस्टरच्या चार सुट्ट्यांत तिचं इंजिन खोलून जोडून झालं. आणि मग गुरुनाथांनी जे करायला घेतलं ते जगात दुसऱ्या कुणी बर्फासाठी केलं नसेल. त्यांनी भाताच्या खाचरातली चाकं करायला घेतली.

चाळीस वर्षांपूर्वीचा पट्ट्यांचा कोन त्यांना तोंडपाठ होता. टायर तसेच ठेवायचे आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पिंजरे बसवायचे. ते बसावेत म्हणून जाड नळीचे चार जोड कातून घेतले. दर जोडाला दोन्हीकडे भोकं, सूतभर इकडेतिकडे नाही. शकुताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, बर्फ आणि चिखल एकच का?”

“ओलं, मऊ, आणि चाक जागच्या जागी फिरवणारं. स्वभाव एकच.”

“तुम्ही बर्फ कधी बघितलाय?”

हा प्रश्न झोंबला असावा. त्या शनिवारी शकुताई मोठ्या फ्रीझरमधून नारळाचा चव काढायला गेल्या तर फ्रीझरच्या आतल्या भिंती खरवडून साफ झालेल्या, आणि तो सगळा भुगा गॅरेजमध्ये त्यांच्या परातीत. गुरुनाथ त्यात लोखंडी पट्टीचा तुकडा दाबून बघत होते.

“बघ,” ते म्हणाले, “थेट तळाला जाते.”

“माझ्या परातीच्या,” शकुताई म्हणाल्या.

जूनच्या पावसात कुमेऊच्या एका चिखलराड कुरणात चाचणी झाली. पिंजऱ्याची क्वाड अशी निघाली की शेतकरी टाळ्या वाजवायला लागला. घरी आल्यावर गुरुनाथांनी पेटी उघडली आणि मागच्या डाव्या जोडावर G K ठोकलं. शकुताईंनी एवढंच सुचवलं, की अधिक महिना लागलाय, अधिकात नवं काही सुरू करू नये. सोळा जुलैला संपतोय, मग जाऊ. गुरुनाथ म्हणाले, बर्फाला अधिक महिना कळत नाही. इराने मेसेज पाठवला होता, वर पहिला बर्फ पडलाय आणि नायरीने शनिवारी, अठरा जुलैला, ट्रकवाल्याला फोन करायचं ठरवलंय.

अकरा जुलैला दोघं निघाली. मागे ट्रेलरवर ताडपत्रीत बांधलेली क्वाड, पुढे शकुताईंच्या मांडीवर अनारशांचा डबा. अधिकाचे तेहेतीस अनारसे जावयाला द्यायचे असतात. “जावई नाही, तर त्या नायरीला देऊ,” शकुताई म्हणाल्या. “पोरगी तिच्याच दारात आहे ना.” वेलिंग्टनपर्यंत एक दिवस, फेरीबोटीत गुरुनाथांना उलट्या, क्राइस्टचर्चला मुक्काम, मग माळावर चढणारा लांब, रिकामा रस्ता. चौदा तारखेला दुपारी फार्मचं फाटक आलं. आजूबाजूला बघावं तिकडे पांढरं. गुरुनाथ गाडीतून उतरले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. त्यांनी पाय बाहेर काढला आणि त्या खड्ड्यात वाकून बघितलं.

इरा आली. तोंडावर थंडीने तडे गेलेले, अंगात तेलकट जाड कोट, मागे काळं-तपकिरी कुत्रं. आईला तिने घट्ट मिठी मारली. वडिलांना म्हणाली, “जेवलात का?”

“हो. थंडी आहे.”

“हो.”

नायरी साठीची, उंच, कमी बोलणारी बाई. “किया ओरा,” असा माओरी नमस्कार करून तिने दोघांचे हात हातात घेतले. अनारसा उलटसुलट करून बघितला, खाल्ला, दुसरा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शेडसमोर जमले. गुरुनाथांनी हेल्मेट चढवलं, क्वाड सुरू केली, इंजिनाचा आवाज कान तिरका करून ऐकला आणि गिअर टाकला. पिंजरे फिरले. बर्फाचे फवारे उडाले. क्वाड तीन-चार मीटर गेली, मग पुढे जायची थांबली आणि खाली जाऊ लागली. गुरुनाथांनी गॅस वाढवला, खाचरात वाढवतात तसा, कारण तिथे अजून थोडं खाली गेलं की जमीन लागते. इथे जमीन लागेना. पिंजरे विहीर खणावी तसे खणत राहिले, आणि शेवटी क्वाड पोटावर बसली. चारही चाकं अधांतरी फिरत होती.

नायरीने खिशातले हात काढले नाहीत. “खाली फार छान जातं,” ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता. ती तशीच बोलत असे. मग इराच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “शनिवारी फोन करते मी, इरा. सॉरी, लव्ह.”

दुपारी इराच्या छोट्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलाशी तिघं बसली होती. आमटी निवत होती.

“तुम्हाला हेच हवं होतं ना बाबा?” इरा म्हणाली.

गुरुनाथांनी वर बघितलं.

“तुम्हाला कधी आवडलंच नाही हे. मग एवढ्या लांब येऊन, सगळ्यांसमोर... मी म्हणेन की बाबांनी ट्राय केलं, आणि मग गुपचूप घरी येईन. असंच ना?”

“इरा,” गुरुनाथ म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. “मी मुद्दाम खोटं काम केलं म्हणतेस?”

गुरुनाथ उठले, कोट घातला आणि बाहेर गेले. जेवणाचं ताट तसंच.

शकुताईंनी दार बंद झाल्यावर लेकीकडे पाहिलं. “तुझ्या बापाने आयुष्यात एक तरी वस्तू मुद्दाम वाईट केलेली दाखव. एक. खुंटी, बिजागरी, काहीही.”

“आई, मला तसं—”

“त्यांना तू घरी यायला हवी आहेस. अगदी खरंय. रोज हवी आहेस. आणि तरी ईस्टरपासून एक रविवार त्यांनी झोपून काढला नाही. माझा फ्रीझर खरवडला. आता या दोन गोष्टी एका माणसाच्या पोटात कशा मावतात ते मला विचारू नकोस. मी तेहेतीस वर्षं बघतेय, मला कळलेलं नाही.” मग ताटावर झाकण ठेवत त्या म्हणाल्या, “आणि मी म्हटलं होतं, अधिक संपू द्या. पण माझं कोण ऐकतं.”

इरा बाहेर गेली तेव्हा गुरुनाथ शेडच्या पलीकडे उभे होते. रुतलेल्या क्वाडकडे त्यांची पाठ होती. ते इराच्या कुत्र्याकडे बघत होते. कुत्रं बर्फावरून निवांत चाललं होतं, आणि गुरुनाथ मांडीपर्यंत आत.

“हे तीस किलोचं असेल,” ते म्हणाले.

“बत्तीस.”

“पंजा केवढासा. तरी बुडत नाही.”

“बोटं फाकवतो तो. बघा ना.” इरा जवळ आली. तिने वाकून हाताने बर्फाचा वरचा पापुद्रा उचलला, पापडासारखा. “बाबा, वरचा हा थर धरतो. तो मोडला की खाली काहीच नाही. नुसती साखर. तुम्ही खालची जमीन शोधत होता. ती इथे मीटरभर खाली आहे, आणि तिथे पोचून काही उपयोग नाही. याच्यावरच राहायचं. हळू. गॅस कमी.”

“गॅस कमी,” गुरुनाथ म्हणाले. जणू कुणी उलटा पाढा म्हणायला सांगितला होता.

“आम्ही चालताना पण तसंच चालतो. पाय आपटायचा नाही. ठेवायचा.”

गुरुनाथांनी तो पापुद्रा तिच्या हातातून घेतला, दोन बोटांत धरून वाकवून बघितला, मोडेपर्यंत. मग दुसरा उचलला. “खाचरात उलटं असतं,” ते म्हणाले. “तिथे वर राहिला तो मेला.” आणि मग, तिच्याकडे न बघता, “हे मला आधी विचारायला हवं होतं. तुला.”

“मी पण तसं बोलायला नको होतं.”

“ते राहू दे. फार्मवर रुंद काय काय आहे?”

रुंद बरंच काही होतं. शेडमागे औषधाची निळी प्लास्टिकची रिकामी पिंपं रचलेली होती. एक पिंप उभं चिरलं, उकळत्या पाण्याने मऊ केलं आणि दोन फळ्यांखाली वाकवून ठोकलं. पुढच्या चाकांना दोन स्की झाल्या. निळं प्लास्टिक बर्फावर लोण्यासारखं सरकत होतं. मागे एक मेलेली क्वाड होती, तिचे टायर शाबूत. मागच्या चाकांना दर बाजूला एकाऐवजी दोन चाकं लावली तर वजन दुप्पट जागेवर पसरेल, इरा म्हणाली. पण बाहेरचं चाक बसवायचं कशावर?

गुरुनाथ पहिल्यांदा हसले. त्यांनी पिंजरे काढून बाजूला टाकले, आणि आतले जाड नळीचे जोड पुसून तिच्यापुढे धरले. पिंजरे बसवायला केलेले तेच जोड दुसरं चाक धरायला नेमके बसत होते. भोकं सूतभरही हलवावी लागली नाहीत.

“बघ,” ते म्हणाले, “खोटं काम नव्हतं.”

“नव्हतं, बाबा.”

“जागा चुकली होती.”

दोन दिवस बापलेक शेडमध्ये होती. शकुताई चहा नेत आणि तिथल्या गवताच्या गाठीवर बसून ऐकत. दोन वर्षांचं साचलेलं बोलणं पान्यांच्या आणि बोल्टांच्या नावाखाली चाललं होतं.

“तेरा नंबर दे. नाही, तेरा. फार्मसीत अंक शिकवत नव्हते का?”

“शिकवायचे. म्हणून तर सोडलं.”

“हवा किती ठेवायची?”

“दोन. त्याहून जास्त नाही.”

“दोन? हा टायर आहे की उशी?”

“उशीच हवी. विश्वास ठेवा.”

शुक्रवारी पहिली फेरी घेतली तेव्हा क्वाड बर्फावरून तरंगत निघाली. सगळे ओरडले. मग इराने हँडल वळवलं, स्की वळल्या, आणि क्वाड सरळच गेली. तशीच कुंपणात. इरा तारेवर पोटावर लटकून इतकी हसली की कुत्रं घाबरून भुंकायला लागलं. गुरुनाथ धावायला गेले आणि कमरेपर्यंत आत गेले.

“तळाला धार नाही,” तिथूनच ते ओरडले. “घसरतेय. पट्टी पाहिजे खाली!”

टाकून दिलेल्या पिंजऱ्यांतल्या दोन लोखंडी पट्ट्या कापल्या आणि स्कीच्या पोटाखाली लांबीत बसवल्या. संध्याकाळी क्वाड वळायला लागली. भातातली चाकं अशी थोडी थोडी करून सगळीच बर्फात कामी आली.

शनिवारी, अठरा तारखेला, सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मागे प्लास्टिकच्याच घसरगाडीवर गवताच्या चार गाठी बांधल्या. गुरुनाथ हेल्मेट घालू लागले तेव्हा इराने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

“तुमचं वजन ब्याऐंशी. माझं चोपन्न.”

“गाडी मला माहीत आहे.”

“वाट मला माहीत आहे, बाबा.”

गुरुनाथ बाजूला झाले. हे शकुताईंनी पाहिलं आणि नायरीनेही. इरा निघाली, गॅस कमी ठेवून, पाय ठेवावा तशी. निळ्या स्कीमागे उथळ, रुंद वाट उमटत गेली. मग ती उंचवट्याच्या पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

उरला फक्त आवाज. गुरुनाथ शेडच्या कोपऱ्याशी उभे होते, डोळे मिटून, कान तिरका करून.

“चढतेय,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “वळली.” मग, “आता थांबली.” आवाज बंद झाला. माळावर वारासुद्धा नव्हता. शकुताईंनी त्यांच्या कोटाची बाही धरली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा. नायरीने घड्याळ बघितलं आणि पुन्हा हात खिशात घातले. गुरुनाथांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

“रुतली असेल का?” शकुताई हळूच म्हणाल्या.

“रुतली तर आधी इंजिन ओरडतं. ओरडलं नाही. तिने बंद केलं.” मग स्वतःलाच सांगितल्यासारखं, “गाठी सोडत असेल. चार गाठी आहेत. दोर गोठले असतील. कुठल्या मेंढ्या मागे राहिल्यात तेही बघत असेल. बघायलाच हवं.”

आणि मग लांबून, बारीक, इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. गुरुनाथांनी डोळे उघडले.

इरा परत आली ती रिकामी घसरगाडी उड्या मारवत. भुवयांवर बर्फ, दात दिसताहेत. “सगळ्या आहेत,” ती ओरडली. “अडीचशेच्या अडीचशे! वास आल्यावर धावल्याच. अजून तीन फेऱ्या लागतील.”

नायरी क्वाडभोवती एक फेरी मारून आली. स्कीवर बुटाचं टोक दाबून बघितलं. “मी त्या ट्रकवाल्याला फोन करणार होते,” ती म्हणाली. “आता चहा करते. इरा, चहा घेऊन दुसरी फेरी. हिवाळा लांब आहे.” जाता जाता तिने शकुताईंना विचारलं, त्या तांदळाच्या बिस्किटांपैकी काही उरलीत का.

“सात,” शकुताई म्हणाल्या, “आणि परवा अधिक संपला. बघा, संपला तशी गाडी चालली.” हे नायरीला समजलं नाही, आणि ज्यांना समजलं त्यांनी वाद घातला नाही.

दुपारी चौथी फेरी झाल्यावर गुरुनाथांनी गाडीच्या डिकीतून ठशांची पेटी आणली. मागच्या डाव्या जोडावरची आपली दोन अक्षरं कानस घेऊन घासली. लोखंड पुन्हा चकचकीत झालं.

“अहो, हे काय?” शकुताई म्हणाल्या. “चांगलं नाव होतं.”

“ज्याचं काम त्याचा ठसा,” गुरुनाथ म्हणाले. पेटीतून एक ठसा निवडून त्यांनी इराच्या हातात दिला आणि दाखवलं कुठे धरायचा. “सरळ धर. बोट बाहेर. हलू नकोस.” हातोडीचा एकच घाव. I. मग दुसरा ठसा, G. मग तिसरा, K.

इराने वाकून वाचलं. “मधला जी कशाला, बाबा? तुम्ही तर तुमचं नाव खोडलंत.”

गुरुनाथ ठसे पुसून एकेक पेटीत आपापल्या खाचेत ठेवत होते. “बापाचं नाव मध्येच असतं,” ते म्हणाले. “पुढे तुझं.”

मग त्यांनी पेटीचं झाकण लावलं, वर डोंगराकडे बघितलं आणि विचारलं, “उद्या पहिली फेरी किती वाजता असते तुझी? मी येईन. मागे बसेन. हवा मग दोनाऐवजी अडीच ठेवू.”